क्ष-किरणांची छाया

वालधुनीच्या कांठीं अंबरनाथचें शिवालय उभें आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ सांगणारा शिलालेख तेथें कोरलेला असून शिलाहार राजा मुम्मुणी याचें नांव त्यांत येतें. मंडपांतून पायऱ्या उतरून खालीं गेल्यावांचून गाभारा दृष्टीस पडत नाहीं. बाहेरच्या काळ्या पाषाणावर देवदेवता, नर्तकी आणि वेलबुट्टी यांची दाटी इतकी कीं पाहणारा थबकतो. परंतु त्याच भिंतीच्या पोटांत एखादा तडा आहे कीं पोकळी आहे, हें साडेनऊशें वर्षांत कोणाच्याहि डोळ्यांना दिसलेलें नाहीं. साध्या प्रकाशाची धांव पृष्ठभागापर्यंतच. तो पाषाणावर आदळून परततो, आणि परतलेल्या प्रकाशालाच मनुष्य दर्शन म्हणतो.

वैद्याची अडचण हीच होती. नाडी, जिव्हा, स्पर्श आणि छातीला लावलेली नळी यांवरून आंतल्या दुखण्याचा तर्क करावयाचा. हाड कोठें मोडलें तें बोटांनीं चांचपून ठरवावयाचें, आणि रोगी त्या चांचपण्यानेंच अर्धमेला व्हावयाचा!

ही भिंत फुटली ती ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें. प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन हे काळ्या पुठ्ठ्यानें झांकलेल्या निर्वात नळींतून वीज सोडीत असतां जवळचा रासायनिक लेप दिलेला पडदा अंधारांत चमकूं लागला. पुठ्ठ्यांतून प्रकाश बाहेर येणें शक्य नव्हतें. मग पडद्यास उजळणारें तें काय? पुढील कांहीं आठवडे त्यांनीं या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाहीं. २२ डिसेंबर रोजीं पत्नीच्या हाताचें चित्र त्यांनीं घेतलें, त्यांत बोटांचीं हाडें आणि अंगठी हीं स्पष्ट उमटलीं. या किरणांचें स्वरूप अज्ञात, म्हणून बीजगणितांतील अज्ञात राशीचेंच अक्षर त्यांनीं त्यांना दिलें. मराठी शाळांतून त्या राशीस 'क्ष' म्हणण्याचा प्रघात असल्यामुळें मराठींत ते आपोआप 'क्ष-किरण' झाले. परभाषेंतील संज्ञेचें इतकें सुबक रूपांतर क्वचितच साधतें.

जानेवारी १८९६ मध्यें ही वार्ता जगभर पसरली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग प्रकटला. जिवंत माणसाचा सांगाडा दिसूं लागला खरा, पण गांठीच्या तापापुढें त्या दृष्टीचा उपयोग शून्य होता. रणांगणावर मात्र तो तत्काळ झाला. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेंत लष्करी शल्यवैद्य बीव्हर यांनीं वायव्य सरहद्दीवर हें यंत्र नेलें आणि जखमी सैनिकांच्या शरीरांत रुतलेल्या गोळ्या शोधून काढल्या.

आतां हें घडतें कसें तें पाहावें. नळींत तापलेल्या तारेपासून निघालेले विद्युत्कण हजारों व्होल्टांच्या दाबानें टंगस्टनच्या लक्ष्यावर आपटविले जातात. त्यांच्या शक्तीचा शेंकडा एकाहूनहि कमी भाग क्ष-किरण होतो; बाकी सारी उष्णता. म्हणूनच साडेतीन हजार अंशांच्या सुमारास वितळणारा हा धातु तेथें लागतो. निघालेले किरण शरीरांत शिरले म्हणजे त्यांच्या तीन गति होतात. कांहीं सरळ पार जातात. कांहीं अणूच्या आंतल्या कक्षेंतील विद्युत्कणास उपटून काढतात आणि त्या कार्यांत स्वतः नष्ट होतात. कांहीं मात्र धक्का देऊन वाट वांकडी करतात व शक्ति कमी होऊन भलतीकडे जातात. हा प्रकार कॉम्प्टन यांनीं १९२३ मध्यें उलगडून दाखविला.

चित्राचा जीव दुसऱ्या प्रकारांत आहे. अणुक्रमांक वाढला कीं हें शोषण त्याच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणांत वाढतें. मांसांत मुख्यतः कर्ब, प्राणवायु, उद्जन. हाडांत खट आणि स्फुर. सरासरी क्रमांक मांसाचा सुमारें साडेसात, हाडाचा चवदाच्या आंत. फरक दुपटीहूनहि कमी, पण घन करतांच तो सहापटींच्या पलीकडे जातो, आणि हाड मुळांत घनहि अधिक. उलट, किरणांची शक्ति दुप्पट केली तर हें शोषण आठव्या हिश्श्यावर येतें व चित्र फिकें पडतें. वांकडे झालेले किरण तर चित्रावर धुकेंच पसरवितात. तें गाळण्यासाठीं बकी यांनीं १९१३ सालीं शिशाच्या पट्ट्यांची जाळी योजिली. सरळ येणारा किरण फटींतून जातो, तिरका अडतो.

पार झालेल्या किरणांची नोंद फिल्मवर होते. आरंभीं कांचा होत्या, जड आणि फुटक्या. दोन्ही बाजूंस लेप असलेली फिल्म १९१८ च्या सुमारास प्रचारांत आली. त्या लेपांत रौप्य ब्रोमाइडचे सूक्ष्म कण असतात. किरण लागलेल्या कणांत रुप्याचे अवघे कांहीं अणु मोकळे होतात. डोळ्यांना तेथें कांहींच दिसत नाहीं, परंतु चित्र मात्र तयार झालेलें असतें. अंधाऱ्या खोलींत डेव्हलपरच्या द्रावणांत बुडवितांच त्या चिमुकल्या बीजावरून सबंध कणाचें काळें रुपें बनतें. न लागलेले कण हायपो धुऊन नेतो. एकट्या फिल्मला किरण फार पुरत नसल्यामुळें दोन्ही बाजूंस चमकणारे पडदे लावतात. कॅल्शियम टंगस्टेटचा हा गुण एडिसन यांनीं १८९६ सालींच हेरला होता. किरणांचें रूपांतर प्रकाशांत झालें म्हणजे रोग्यास किरणांचा मारा पुष्कळच कमी लागतो.

म्हणून काळें तेथें किरण पोंचले आणि पांढरें तेथें अडले, असें हें उलटें वाचन आहे. हवेनें भरलेलें फुप्फुस काळें दिसतें. क्षयानें घट्ट झालेला भाग पांढुरक्या डागासारखा. दुसऱ्या महायुद्धांत उभारलेल्या कल्याण कँपच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं हजारों निर्वासित कुटुंबें राहूं लागलीं, आणि १९४९ च्या ऑगस्टांत त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. एकाच छपराखालीं अनेक कुटुंबें दाटीनें राहिलीं कीं खोकल्यासवें क्षयाचे जंतु पसरण्यास वाट सोपी होते. क्षयावरील पहिलें प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ सालीं सांपडलें होतें. तरी डाग वेळेवर दिसला कीं नाहीं यावरच पुढचें सारें अवलंबून असे. डाग लहान असतांना रोग्यास पुष्कळदां कसलीच तक्रार नसते.

या दृष्टीची किंमत पहिल्या पिढीनें रक्तामांसानें दिली. एडिसन यांचा सहाय्यक क्लेरन्स डॅली हा नळ्या तपासतांना स्वतःचा हात किरणांपुढें धरी. हात जळले, कापावे लागले, आणि १९०४ सालीं तो मरण पावला. अशांच्या स्मरणार्थ १९३६ सालीं हँबुर्ग येथें एक शिला उभारली गेली. शिशाचा झगा आणि शिशाचा आडोसा हे इतक्या उशिरां आले याचें नवल करावें तेवढें थोडें. किरण जाळतात हें तर १८९६ सालींच कळून चुकलें होतें.

१९५० नंतरच्या दशकांत अंबरनाथास संरक्षण खात्याचे कारखाने आले, आणि पुढें बदलापूरपर्यंत औद्योगिक वसाहती पसरल्या. धातूच्या ओतीव भागांतील पोकळी किंवा सांध्यांतील फट शोधण्याची विद्या हाडाच्या विद्येहून वेगळी नाहीं. पोकळींतून किरण अधिक जातात, तेथें फिल्म काळी पडते. जाड पोलादास नळीऐवजीं इरिडियमचा किरणोत्सर्गी तुकडा चालतो, आणि असे तुकडे तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांत बनूं लागले. वैद्यकीय फिल्म करणारी सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० सालीं उटकमंड येथें स्थापन झाली. तिचा कारखाना आतां बंद आहे. शहरांतील बहुतेक दवाखान्यांतून अंधारी खोलीहि गेली. किरण थेट विद्युत्-पट्टीवर पडतात आणि छाया पडद्यावर उमटते. घरोघरच्या कपाटांत वडीलधाऱ्यांच्या छातीच्या निळसर फिल्म मात्र अजून पाकिटांत पडून आहेत, आणि भंगार घेणारे त्या आंतल्या रुप्याकरितां विकत घेतात.