घराच्या बाहेरच्या गिलाव्याची देखभाल कशी करायची? फोनने भिंत तपासण्यापासून दुरुस्तीपर्यंत सगळं

गावाकडच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत आम्ही पाच वर्षांत दोनदा रंगवली. दुसऱ्या वेळी तर महागडा 'वॉटरप्रूफ' रंग लावला. तरी पुढच्या पावसाळ्यात आतल्या खोलीत ओल आलीच. शेवटी भर पावसात समोरच्या ओट्यावर उभं राहून मी भिंतीचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि कारण लगेच दिसलं. गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावर तडा होता. पाणी तिथून आत शिरत होतं आणि रंगाच्या मागून खाली उतरत होतं. म्हणजे दोन्ही वेळचा खर्च चुकीच्या जागी झाला होता.

म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: आधी पाण्याची वाट शोधा, मग गिलावा दुरुस्त करा, रंग सगळ्यात शेवटी.

गिलावा, प्लास्टर आणि स्टको: फरक काय?

यूट्यूबवर शोधलं की 'स्टको रिपेअर'चे अमेरिकन व्हिडिओ ढिगाने येतात. स्टको म्हणजे सिमेंट, वाळू आणि चुन्याचा बाहेरचा गिलावाच. पण तिकडे तो बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर, तारेच्या जाळीवर तीन थरांत लावतात आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतीच्या तळाशी खास पट्टी बसवतात. आपल्याकडे गिलावा थेट विटांवर किंवा ब्लॉकवर बसतो. साधारण दोन थर असतात आणि एकूण जाडी २० मिमीच्या आसपास. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओतली प्रत्येक पायरी आपल्या भिंतीला लागू पडत नाही. पाण्याचा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

गिलावा म्हणजे प्लॅस्टिकचा कागद नव्हे. तो थोडं पाणी शोषतो आणि ऊन पडलं की सोडतो. भेगेतून रोज आत जाणारं पाणी सुकण्याच्या वेगापेक्षा जास्त झालं की त्रास सुरू होतो.

तपासणी कधी करायची?

वर्षातून दोनदा: एकदा एप्रिल-मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. महाराष्ट्रात पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींपासून सुरुवात करा.

फोनचा खरा उपयोग

१. तिरपा प्रकाश: संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून, तिरपी धरा. समोरून न दिसणाऱ्या बारीक भेगा आणि फुगवटे सावलीमुळे उठून दिसतात.

२. तोच कोन, तेच अंतर: प्रत्येक भेगेशेजारी पेन्सिलीने नंबर आणि तारीख लिहा, भेगेच्या दोन्ही टोकांना खूण करा आणि पट्टी धरून फोटो काढा. सहा महिन्यांनी तिथेच उभं राहून पुन्हा काढा. भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर ती वाढते आहे.

३. पावसातला व्हिडिओ: पाणी कुठून ओघळतं, कुठल्या पाइपच्या जोडातून गळतं, कुठला भाग शेवटपर्यंत ओला राहतो, हे कोरड्या दिवशी कधीच कळत नाही.

४. मूळ फाइल जपा: फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारखेची माहितीही जाते. इंजिनिअरला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

एक इशारा: 'फोनच्या कॅमेऱ्याने भिंतीतली ओल दाखवणारं' अ‍ॅप दिसलं तर भुलू नका. ओलीमुळे पडणारा तापमानातला फरक टिपायला थर्मल सेन्सर लागतो. साध्या फोनमध्ये तो नसतो, ही अ‍ॅप्स फक्त रंगीत फिल्टर लावतात. आणि फोटोसाठी शिडीवर चढू नका. खाली उभं राहून झूम पुरतो.

भेग किती रुंद आहे?

साध्या ए-फोर कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते आणि एटीएम कार्डाची ०.७६ मिमी. मुदत संपलेलं कार्ड घ्या. कागदही शिरत नसेल तर भेग केसासारखी आहे. कार्ड सहज शिरत असेल तर ती गंभीरपणे घ्यायची.

भेग काय सांगते?

- जाळीसारख्या केसाळ भेगा: गिलावा भराभर सुकला किंवा त्यावर पुरेसं पाणी मारलं नाही. भिंतीला धोका नसतो. ताणला जाणारा, बारीक भेगा झाकणारा बाहेरचा रंग बहुतेकदा पुरतो.
- कॉलम-बीम आणि विटांच्या जोडावर सरळ रेघ: दोन वेगळी मटेरियल उन्हात वेगवेगळी फुगतात. तिथे गिलाव्याच्या आत कोंबडी जाळी हवी होती. नुसती पुट्टी भरली तर भेग परत येते.
- खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी: कोपऱ्यावर ताण एकवटतो. नंबर टाकून लक्ष ठेवा.
- विटांच्या सांध्यातून पायऱ्यांसारखी: पाया खचत असण्याची शक्यता असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.
- कॉलमवर उभी, तांबूस डाग असलेली: आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. इथे गवंड्याला नाही, इंजिनिअरलाच बोलवायचं.

पोकळ भाग ओळखा

नाण्याने किंवा लाकडी दांड्याने भिंतीवर हलकं वाजवा. घट्ट गिलावा 'टण' वाजतो, सुटलेला 'भद' वाजतो. असा भाग कधीही खाली पडू शकतो. तो दाराच्या किंवा रस्त्याच्या वर असेल तर खालून ये-जा लगेच बंद करा आणि मग गवंड्याला फोन करा.

पाण्याच्या वाटा: ही यादी सेव्ह करून ठेवा

- कठड्याचा माथा: तडा आहे का? उतार गच्चीच्या बाजूला आहे का?
- छज्जाच्या खालच्या कडेची बारीक खाच: पाणी मागे न वळता तिथूनच खाली पडावं म्हणून ती असते. रंगवताना पुट्टीने बुजली तर पाणी थेट भिंतीवर येतं.
- खिडकीची चौकट आणि गिलावा यांच्यामधली फट.
- एसीच्या पाइपसाठी आणि केबलसाठी पाडलेली भोकं.
- पावसाच्या पाइपचे जोड आणि क्लॅम्प.
- भिंतीला टेकलेली माती, कुंड्या, विटांचे ढीग.
- पिंपळाचं रोप: छोटं असतानाच मुळासकट काढा. नुसतं छाटलं तर मूळ भेग रुंद करत राहतं.

धुणं

पांढरा लोणा दिसला तर आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं तर क्षार पुन्हा आत जातात. हिरवं शेवाळ मऊ ब्रश आणि साध्या नळीच्या पाण्याने निघतं. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, कच्चा गिलावा उडतो. ब्लीच वापरलं तर त्यात टॉयलेट क्लीनरसारखं कुठलंही अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

दुरुस्तीचा क्रम

१. पाण्याची वाट बंद करा.

२. बारीक भेग थोडी उघडून व्ही आकाराची करा, धूळ झाडा आणि बाहेरच्या भिंतीसाठीचा क्रॅक फिलर भरा. खिडकीच्या फटीसारख्या हलत्या जागी सिलंट हवं, सिमेंट तिथे पुन्हा फाटतं.

३. पोकळ भाग घट्ट गिलावा लागेपर्यंत चौकोनी कापून काढा. विटांचे सांधे खरवडा, काँक्रीटवर टाचे मारा, जोडावर जाळी बसवा, भिंत ओली करा. मगच नवा गिलावा, साधारण एक भाग सिमेंटला चार भाग चाळलेली वाळू, दोन थरांत.

४. किमान ७ दिवस पाणी मारा. सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच होते, म्हणून घरातल्या कोणाच्या तरी फोनवर सकाळ-संध्याकाळचा अलार्म लावा.

५. नव्या गिलाव्यावर रंग साधारण २८ दिवसांनी. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि रंगाचे पोपडे काढतं.

म्हणजे जूनआधी रंग हवा असेल तर गवंडी एप्रिलमध्येच बोलवावा लागतो. मेच्या शेवटी धावपळ केली की ओल्या भिंतीवरच रंग बसतो.

दोन गोष्टी अजिबात करू नका. बाहेर पीओपी भरू नका, ते पाण्याने मऊ पडतं. आणि जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. तिथे चुन्याचं काम जाणणारा गवंडीच शोधा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

बाहेरची भिंत एकट्याने दुरुस्त करायची नसते. नंबर टाकलेले फोटो आणि पावसातला व्हिडिओ जोडून सोसायटीला लेखी अर्ज द्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा, तर ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं. शेवटचं ऑडिट कधी झालं, हे त्याच अर्जात विचारा.

आमच्या घरी पुढे काय झालं? कठड्याचा माथा नीट केला, खालचा पोकळ पट्टा काढून नवा गिलावा केला. खर्च दुसऱ्या रंगकामापेक्षा कमी आला. बाबा अजून म्हणतात, 'तो व्हिडिओ आधी काढला असतास तर!' तुमच्याकडे फोन आहेच. पुढच्या मोठ्या पावसात पाच मिनिटं भिंतीकडे वळवा.