घरातलं काम कामात कधी धरलं गेलं?

घरी शिवणकाम, पापड, मसाले करणाऱ्या बाईला विचारा, "काय करता?" उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते." हे "काही नाही" फार जुनं आहे. ते पुसण्यासाठी आपल्या आधीच्या बायकांनी काय केलं, ते आज ऐकू या.

आधी मुंबईचं गिरणगाव. कोकणातले, घाटावरचे कितीतरी गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून दाटीवाटीनं खोल्यांत राहायचे. त्यांना जेवू घालायची ती खानावळवाली. चाळीतल्या एकाच खोलीत तिची मुलं, तिचा संसार आणि धंद्याची चूल. गिरणीची पाळी जशी, तशी जेवणाची वेळ. घरचा स्वयंपाक कुठे संपला आणि धंद्याचा कुठे सुरू झाला, हे सांगणंच कठीण. म्हणून त्याला कुणी धंदा मानत नसे. पैसे महिन्यानं हाती यायचे, किराणा मात्र रोज लागायचा. मग उधारी आणि सावकाराचं व्याज. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. बँकेच्या कागदावर नाव लागलं, तेव्हा खानावळ हा धंदा ठरला.

आता सोलापूर, सिन्नर, निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. मजुरी ठरते ती हजार विड्यांवर. मध्येच बाळ रडलं, दूध उतू गेलं, पाहुणा आला, तर तेवढी मजुरी बुडाली. विड्या वाईट म्हणून बाजूला काढल्या, तर आणखी बुडाली. मालक म्हणायचे, ही घरी बसून करते, ही आमची कामगार कशी? १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. मालक न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. १९७६ साली विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदाही आला.

पण मैत्रिणींनो, कायद्यानं विड्या मोजल्या, बँकेनं खानावळ मोजली. धुणीभांडी आणि पोरांचं करणं कुणीच मोजलं नाही. तो भार हलला, तर बहुतेक वेळा थोरल्या लेकीवर. शाळेतून आली की ती पाणी भरायची, धाकट्याला सांभाळायची, वर विड्यांची तोंडंही बंद करायची. आईची मजुरी पुरी झाली, ती लेकीच्या अभ्यासाच्या वेळातून.

आज आपल्या गटातल्या बायका घरी बसून ऑर्डरी घेतात, तिथेही हाच धोका आहे. म्हणून पुढच्या बैठकीत वहीत दोन गोष्टी लिहा. पापडाच्या किलोमागे आपले किती तास गेले, आणि त्या तासांत घरचं काम कुणी केलं. पहिल्या उत्तरावरून भाव ठरवा, त्यात आपली मजुरी धरा. दुसऱ्या ठिकाणी लेकीचं नाव आलं, तर घरात बोला. भांडी घासायला मुलाला आणि त्याच्या बापालाही हात आहेत.