बोगद्यात घातलेला हात

जमिनीवर गाल टेकवा. एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्यासमोर बोगद्याचं तोंड आहे, वीतभर उंच, आतून काळं.

साल 1905च्या आसपासचं. घर जर्मनीतलं, पाठीमागे नाताळचं झाड. समोरचा डोंगर खेळण्यांच्या मेर्कलिन कंपनीच्या कारखान्यातून आलाय. पत्रा कापून, वाकवून, डाख देऊन जोडलेला आणि ब्रशनं हातानं रंगवलेला. वर लाल छपराचं एक घर, घराकडे चढणारी पायवाट. त्या घरात कोण राहत असेल, त्यांच्या ताटल्या गाडी गेल्यावर खुळखुळत असतील का, हे प्रश्न तुम्हाला पडणारच. ते पडावेत म्हणूनच कुणीतरी ती पायवाट एवढ्या निगुतीनं काढली आहे, असं मला मनापासून वाटतं.

याच मेर्कलिननं 1891 साली लायपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ मांडले. यंदा एक गोल घ्या, पुढच्या वर्षी आणखी रूळ आणून त्यालाच जोडा. खेळणं वाढतं झालं. मग स्टेशन आलं, सिग्नल आला, पूल आला. पण बोगद्याचं काम वेगळं. गोल रुळांवरची गाडी सतत दिसत राहते आणि चार फेऱ्यांत डोळ्यांना पुरते. बोगदा तिला क्षणभर लपवतो आणि ती कुठूनतरी येऊ लागते, कुठेतरी जाऊ लागते.

ऐका. चावीचं इंजिन आत शिरलंय. टिकटिक मंदावते. थांबते. डबे अर्धे बाहेर, इंजिन अंधारात. हात घाला. पत्र्याची कड मनगटाला घासेल, जपून. इंजिन स्पिरिटच्या दिव्यावर खरी वाफ करणारं असेल तर मात्र हात आवरा, ज्योत विझू द्या.

आता न्यूयॉर्क, साधारण 1916. पुन्हा झाड, पुन्हा गालिचा, पण गाडी लायोनेल कंपनीची, विजेवरची. दोन रुळांच्या मधला तिसरा रूळ वीज पुरवतो, त्यामुळे चावी संपायची भीती गेली. बोगद्यावर बोटं फिरवा. कागदाच्या लगद्याचा आहे, साच्यात दाबून वाळवलेला, वर खडकांचे राखाडी फटकारे. वजनाला हलका. आतून गाडीचा आवाज पत्र्यासारखा खणखणत नाही, दबका येतो. मला हा आवाज जास्त खरा वाटतो. खंडाळ्याच्या घाटात डबा बोगद्यात शिरला की कानांवर जो दाब येतो, त्याच्या जवळचा.

1943ला क्षणभर थांबा. युद्धामुळे खेळण्यांसाठी धातू नाही. लायोनेलनं त्या नाताळात विकायला काढलेली गाडीच पुठ्ठ्याची आहे. इंजिन, डबे, रूळ, सगळं घरी दुमडून जोडायचं. मोटार नाहीच. बोटानं ढकला.

1950च्या दशकातला जर्मन पोटमाळा. इथे रेंगाळायला हवं. रूळ आता अवघे 16.5 मिलिमीटर रुंद आहेत, गाडी खऱ्याच्या 87 पट लहान. डोंगर विकत आणलेला नाही, घरच्या बापानं उभा केलाय. लाकडी फासळ्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणली, तिच्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. गवत म्हणजे हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. बोगद्याचं तोंड त्यानं लांबातला लांब डबा फिरवून बेतलंय, कारण वळणावर डब्याची टोकं बाहेर झुकतात आणि पोट आत येतं. एवढं तीव्र वळण खऱ्या रेल्वेला परवडणार नाही, म्हणून ते डोंगराच्या पोटात दडवलंय.

आत अजून काय आहे पाहायचंय? मागच्या बाजूला या. डोंगराला पाठ नाही. तिथे चार-पाच रूळ समांतर, त्यांवर गाड्या उभ्या. जर्मन हौशी लोक याला ‘सावलीचं स्टेशन’ म्हणतात. पुढून पाहणाऱ्या पोराला मालगाडी आत गेलेली दिसते आणि थोड्या वेळानं बाहेर येते ती प्रवासी गाडी. हे गुपित बापानं बरीच वर्षं सांभाळलेलं असणार. आणि मागची मोकळी जागा का? डबा रुळावरून घसरतो. हात पोचला पाहिजे.

स्वीडनच्या ब्रिओची लाकडी गाडी 1958ची. तिचा बोगदा म्हणजे नुसती लाकडी कमान, इकडून घातलेला चिमुकला हात तिकडून बाहेर येतो. दोन वर्षांच्या मुलाला एवढा अंधार पुरतो.

शेवटी पुण्यातल्या एका वाड्याचं अंगण, सत्तरच्या दशकातली दिवाळी. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवून पसरलेलं गोणपाट, चिखलात पेरलेले हळीव आता कोवळे उगवलेत. त्या जर्मन बापाचीच रीत, फक्त प्लास्टरच्या जागी चिखल. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. आणि किल्ल्याच्या पोटातून, दोन विटांवर आडवी फळी टाकून, चावीच्या आगगाडीसाठी बोगदा.

गाडी सुटली. पत्र्याच्या रुळांवर खडखडत आत गेली. टिकटिक मंदावली.

बाह्या सरसावा. आधी ओली माती लागते, मग गार पत्रा. ओढून घ्या. चावी भरा.