यमाची वही : प्रवरेपासून जपानपर्यंत

मेल्यानंतर माणसाचे काय होते, या प्रश्नाने कोणाची चूल पेटत नाही. तरीही हा प्रश्न ज्याला कधी पडलाच नाही, असा माणूस आम्हांला कामगारवस्तीत भेटला नाही. या भंडारदऱ्याच्या डोंगरातही भेटेल असे वाटत नाही. हल्ली घरोघरची मुले 'ॲनिमे' नावाच्या जपानी चित्रमालिका पाहतात. त्यांत मृतांचा लोक, तिथली कचेरी आणि तिथला निवाडा पुन्हापुन्हा येतो. वडीलधाऱ्यांना हे परदेशी खूळ वाटते. आमचे म्हणणे असे की, हे खूळ असेलच, तर ते आपल्याच दारातून बाहेर पडलेले आहे.

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात चाणक्याचा हेर निपुणक यमपट घेऊन घरोघर हिंडतो. यमपट म्हणजे यमाच्या दरबाराची चित्रे असलेले कापड. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त असाच एक पटवाला रंगविला आहे. बाजारात पोरांचा घोळका त्याच्याभोवती जमला आहे आणि तो रेड्यावर बसलेला यम दाखवून परलोकाची हकीगत सांगतो आहे. पुढे बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त चित्रकथकाचा उल्लेख येतो. ती परंपरा आजही कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जिवंत ठेवली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र पुढे धरायचे आणि गोष्ट सांगायची, हा धंदा आपल्याकडे असा जुना आहे.

आता यमाचा प्रवास पाहू. वेदांतला यम हा मुळात मेलेला पहिला माणूस, मागून येणाऱ्यांसाठी वाट शोधून ठेवणारा. दंड आणि चित्रगुप्ताची वही त्याच्या हाती पुढे पुराणकाळात आली. बौद्ध भिक्षूंबरोबर तो चीनमध्ये गेला. तिथे तांग काळाच्या अखेरीस दहा न्यायाधीश-राजांची कल्पना रुजली आणि यम त्यांतला एक झाला. मृताची चौकशी दर सात दिवसांनी, एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत. मग शंभराव्या दिवशी, मग वर्षांनी. आपले दहावे-तेरावे आठवले म्हणजे यात फार नवल वाटत नाही. जपानात यमाचा 'एन्मा' झाला. ९८५ साली गेन्शिन या भिक्षूने नरकांचे सविस्तर वर्णन लिहिले. पुढे कुमानो येथील भिक्षुणी नरकाची चित्रे घेऊन गावोगाव फिरू लागल्या. १९३० नंतरच्या काळात सायकलवर लाकडी चौकट बांधून, मुलांना गोळ्या विकून चित्रकथा सांगणारे 'कामिशिबाई'वाले तिथल्या गल्लोगल्ली होते. भुताखेतांच्या कथांनी गाजलेला चित्रकार मिझुकी शिगेरू याने उमेदवारीच्या काळात याच धंद्यासाठी चित्रे काढली. त्याच्या कितारोची गोष्ट १९६८ साली दूरचित्रवाणीवर आली. यमपटाचा चित्रपट झाला तो असा.

१९८९ साली सुरू झालेल्या 'ड्रॅगन बॉल झेड'मध्ये एन्मा प्रचंड टेबलामागे वही उघडून बसला आहे आणि मृतांची रांग लागली आहे. २०१४ सालच्या 'होझुकी नो रेइतेत्सु'त नरक हे कामाच्या ढिगाने वाकलेले सरकारी खाते आहे आणि यमाचा मुख्य कारभारी सारा गाडा ओढतो आहे. २०१५ सालच्या 'डेथ परेड'ची गोष्ट अधिक गंभीर. तिथे मृतांना एकमेकांविरुद्ध खेळायला लावतात आणि त्यावरून त्यांचा न्याय होतो. पण न्याय करणारा कधी जगलेलाच नाही. त्याला माणसाचे दुःख ठाऊक नाही. आपला निवाडा चुकतो की काय, ही शंका त्याला पोखरू लागते.

हा प्रश्न आम्हांला ओळखीचा आहे. खातेनिहाय चौकशीत आरोपपत्र देणारा आणि निकाल देणारा एकाच पंगतीचा असतो, हे आम्ही अनेकदा पाहिले. हजेरीपटात खाडा लिहिलेला असतो. त्या दिवशी घरात पोर तापाने फणफणले होते, हे लिहायला त्यात रकाना नसतो. चित्रगुप्ताच्या वहीत तो रकाना आहे, अशी गरिबाची श्रद्धा असते. तिला आम्ही हसत नाही. मात्र त्या श्रद्धेवर भिस्त ठेवून इथला निवाडा तहकूब ठेवा, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. मृताच्या नावाने जिवंतांकडून दक्षिणा उकळणाऱ्यांवर जोतीराव फुल्यांनी कोरडे ओढले ते याचसाठी.

पण परंपरेत दुसराही एक धागा आहे. महाभारताच्या शेवटी धर्मराज स्वर्गात जातो, तो तिथे दुर्योधन ऐटीत बसलेला! भाऊ आणि द्रौपदी मात्र नरकात. तू आलास म्हणून गार वारा लागला, थांब, असे ते विनवितात. धर्मराज देवदूताला परत पाठवितो आणि तिथेच उभा राहतो. पुढे ती माया निघते, परंतु उभे राहण्याचा निर्णय खरा होता. जपानात क्षितिगर्भ बोधिसत्त्वाला 'जिझो' म्हणतात. सारे नरक रिकामे होईपर्यंत बुद्धपद घेणार नाही, ही त्याची प्रतिज्ञा; आणि तिथल्या परंपरेत एन्मा हे या जिझोचेच दुसरे रूप मानतात. न्याय करणारा आणि सोबत थांबणारा एकच असावा, ही अपेक्षा त्यात आहे.

आपल्या पायाशी वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुण्य सरले की स्वर्गातूनही खाली यावे लागते, हा गीतेचा विचार त्या वेळी मराठीत आला. स्वर्ग म्हणजे पेन्शन नव्हे, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

याच प्रवरेवरचे आपले धरण १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. त्याला विल्सन या गव्हर्नराचे नाव दिले गेले. सोळा वर्षे ज्यांनी दगड फोडले, चुना वाहिला, त्यांची नावे चित्रगुप्ताकडे असतील तर असोत. पुढच्या वेळी पोर चित्रमालिका पाहत बसले, तर त्याला रागावण्यापूर्वी शेजारी बसावे आणि ही इथल्या दगड फोडणाऱ्यांची गोष्टही सांगावी. तेवढी वही लिहिणे आपल्या हातात आहे.