डिझेल आणि वीज : एका न जमलेल्या सोयरिकीची हकीकत

दादरच्या पूर्वेस खोदादाद सर्कलला आजही लोक 'दादर टी. टी.' म्हणतात, परंतु ही दोन अक्षरे 'ट्राम टर्मिनस' ह्या शब्दांची आहेत, हे तेथून नित्य जाणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसते. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून निघालेली शेवटची गाडी दादरला पोहोचली तेव्हा तिचा अंमल संपला. गोवालिया टँक ते माझगाव गोदी ह्या मार्गावर १९६२ साली तारेवरची विजेची बसही चालवून पाहण्यात आली. पण तिला दहा वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. १९७१ मध्ये तीही बंद झाली, आणि शहराची बस सर्वस्वी डिझेलच्या हाती गेली.

वीज आणि डिझेल ह्यांचा असा उभा दावा का असावा? दोघांची सोयरीक जुळवून एकाच मोटारीत दोघांस का नांदवीत नाहीत? ज्यास 'हायब्रिड' म्हणतात ती गाडी पेट्रोलची पुष्कळ दिसते, डिझेलची क्वचित; आणि 'सुपरचार्जर' लावलेली डिझेल मोटार तर त्याहूनही विरळा. हे सर्व मोठ्या कंपन्यांचे कारस्थान आहे, असे उत्तर आमच्या परिचयातील शहाणीसुरती मंडळीही देतात. आम्हांस ते आळशीपणाचे वाटते. खरे कारण डिझेलच्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव प्रथम पाहिला पाहिजे.

रुडॉल्फ डिझेल ह्याचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. परळ-लालबागच्या गिरण्यांची धुराडी तेव्हा वाफेच्या बळावर धूर ओकीत होती. जळणातील उष्णतेचा चौथा हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, हे नवे इंजिन कामी लावी. वाफेच्या यंत्रांस ते साधत नव्हते. पेट्रोलच्या इंजिनाहूनही ते काटकसरी, आणि त्याची ही काटकसर विशेषेकरून दिसते ती गाडी रेंगाळत असताना. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेत एक झडप असते. चालकाने पाय हलका केला की ती मिटत येते, आणि नाक दाबलेल्या माणसासारखी त्या इंजिनास हवा ओढावी लागते. बरीचशी शक्ती ह्या धापा टाकण्यातच जाते. डिझेलला हवा मोकळी मिळते. कमी करावयाचे ते केवळ तेल.

आता हायब्रिड गाडी काय करते ते पाहावे. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठविते, आणि जेथे इंजिन निकृष्ट चालते, म्हणजे गर्दीत व संथ गतीस, तेथे त्यास विश्रांती देऊन विजेचा मोटर पुढे करते. पेट्रोलच्या इंजिनास अशा सोबत्याची मोठीच गरज होती. डिझेलचे घर मुळातच काटकसरीने चाललेले. तेथे ह्या नव्या सुनेने आणखी वाचवायचे ते किती? ब्रेकची शक्ती परत मिळते हे खरे, पण बाकीची बचत थोडी. आणि खर्च मात्र दुहेरी. हवा दाबूनच पेट घ्यावयाचा असल्यामुळे डिझेल इंजिन जाडजूड, जड व महाग करावे लागते. त्यात बॅटरी व मोटर ह्यांची भर. शिवाय एक अडचण अलीकडची आहे. डिझेलच्या धुरातील काजळी अडविणाऱ्या गाळण्या व इतर साधने तापलेली असली तरच नीट काम करतात. आणि हायब्रिडमध्ये इंजिन वारंवार बंद पडून निवते.

सुपरचार्जरची गोष्ट ह्याहून सोपी. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, पण इंजिनाच्याच दांड्यावरून शक्ती घेऊन. म्हणजे घरच्याच धान्यावर पोसलेला गडी. १९०५ साली आल्फ्रेड ब्युखी ह्या स्विस अभियंत्याने निराळ्या युक्तीचे पेटंट घेतले : नळीतून फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबावयाची. हाच पुढचा टर्बोचार्जर. डिझेलची चाल बेताची व ठरावीक टप्प्यातली, आणि कोंबलेल्या हवेने बिघडण्याची त्यास धास्ती नाही. म्हणून टर्बो त्यास असा मानवला की आजची बहुतेक प्रत्येक डिझेल मोटार तोच घेऊन फिरते. सुपरचार्जरचे खरे बस्तान बसले ते दोन-धावी मोठ्या डिझेल इंजिनांत, कारण त्यांत धूर हुसकून नवी हवा भरण्यास पंखा लागतोच.

रुळांवर मात्र डिझेल व वीज ह्यांचा संसार थाटला गेला होता. शेवटची ट्राम दादरला थांबली त्याच १९६४ साली वाराणसीच्या कारखान्यातून अमेरिकन आल्को कंपनीच्या नमुन्याची डिझेल लोकोमोटिव्हे बाहेर पडू लागली. सोळा सिलिंडरांचे, टर्बो लावलेले, २६०० अश्वशक्तीचे ते इंजिन चाके स्वतः फिरवीतच नाही. ते वीज निर्माण करते आणि आसांवरचे मोटर गाडी ओढतात. एवढी ताकद गिअरच्या दातांवर पेलणे कठीण, म्हणून वीज मध्यस्थ झाली. पण हा संसार साठवणीचा नव्हे. उतारावर मोटरच ब्रेकचे काम करतात तेव्हा निपजणारी वीज तारांच्या जाळीत तापवून हवेत सोडून दिली जाते. २००७ पासून धावू लागलेल्या मुंबईच्या नव्या लोकल गाड्या तीच वीज डोक्यावरच्या तारेस परत करतात.

मोटारींत हा प्रयोग झालाच नाही असे नाही. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने २०११-१२ च्या सुमारास आपली ३००८ ही गाडी डिझेल व वीज अशा जोडीने बाजारात आणली. व्होल्वो व मर्सिडीज मागोमाग आल्या. २०१५ साली फोक्सवागेनची धूर-चाचणीतील लबाडी उघडकीस आली, आणि डिझेलची अब्रू सगळीकडेच गेली. आपल्याकडे त्याच वर्षी मारुती सुझुकीच्या सियाझमध्ये डिझेलास एक लहानसा मोटर जोडण्यात आला. तो गाडी एकट्याने चालवू शकत नव्हता, इंजिनास हात देई इतकेच; तरी सरकारी सवलतीमुळे किंमत आटोक्यात राहिली. १ एप्रिल २०१७ पासून अशा गाड्यांची ती सवलत गेली, आणि १ एप्रिल २०२० रोजी धुराचे नवे कडक नियम लागू होताच कंपनीने डिझेलच सोडले. मध्यंतरी ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी बंधनातून मुक्त होऊन त्याच्या स्वस्ताईची जुनी मजाही ओसरू लागली होती.

तथापि मुंबईच्या मध्यवस्तीत ह्या प्रश्नाचा निकाल कारखान्यांनी लावला नाही. तो टॅक्सीवाल्यांच्या खिशाने व रहिवाशांच्या छातीने लावला. स्वस्त तेलासाठी पुष्कळ काळ्यापिवळ्या फियाटींत डिझेल इंजिने बसविली गेली. गिरगावच्या चाळींच्या गॅलऱ्या रस्त्याला लागून; खाली सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा काळा धूर वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि माणसांच्या फुप्फुसांत सारखाच जाऊन बसे. १९९९ साली 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' ह्या संस्थेने उच्च न्यायालयात धाव घेतली, लाल समिती नेमली गेली, आणि पुढे न्यायालयाच्या हुकमांनी जुन्या व डिझेल टॅक्सींस नैसर्गिक वायूकडे वळविले. वायू दूरचा नव्हता. मुंबईच्याच समुद्रात १९७४ साली बॉम्बे हायचा साठा सापडला होता, आणि घरोघर व पंपांवर वायू पोहोचविण्यासाठी १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी निघाली होती. टॅक्सीवाल्याची डिकी सिलिंडराने भरली, उतारूंच्या ट्रंका टपावर गेल्या, पंपावर तासन्‌तास रांगा लागल्या. ह्या बदलाची खरी झळ त्यालाच लागली, आणि त्याबद्दल त्याचे आभार कोणी मानल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पण भाडे सुटू लागले. लालबागच्या रेंगाळत्या गर्दीत हायब्रिड सर्वांत शोभली असती. ज्याची दिवसाची कमाई मीटरवर, त्याने मात्र लाखो रुपयांच्या दुहेरी यंत्रापेक्षा स्वस्त वायूचे नळकांडे पत्करले.

२०१८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने वांद्रे-कुर्ला संकुलासाठी २५ हायब्रिड बस घेतल्या, तेव्हा डिझेल-विजेची ही सोयरीक शहराच्या रस्त्यावर एकदाची दिसली. पण मुहूर्त टळून गेला होता; बेस्टचे लक्ष लवकरच निव्वळ विजेच्या बसकडे लागले. बेस्टची शेवटची डिझेलची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. दीडच महिन्याने, ३० ऑक्टोबरपासून, काळीपिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. त्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद ताडदेवच्या कचेरीत २००३ साली झाली होती आणि वीस वर्षांची मुदत भरली होती. दक्षिण मुंबईत विजेची दुमजली बस त्याच वर्षाच्या फेब्रुवारीपासून धावू लागली होती; तिच्या पोटात इंजिन नाही, आणि ट्रामच्या माथ्यावर असे तशी तारही नाही.