जोडाचा गुण

आवाज दूरवर पोचवण्याच्या बाबतीत आम्हा नेवासेकरांना कुणी शिकवायला येऊ नये. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वर महाराजांनी इथे गीतेवर निरूपण केले, सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, आणि तो आवाज अजून ऐकू येतो. ना ॲम्प्लिफायर, ना स्पीकर. टेकायला एक दगडी खांब होता म्हणतात, तेवढ्यावर भागले.

आमच्या शेजारच्या नानांचे एवढ्यावर भागत नव्हते. वयामुळे नानींना बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झाले. खर्ज तेवढा कळतो. त्यांना भजन ऐकता यावे म्हणून नानांनी चांगला स्टिरिओ आणला. आणि झाले काय, तर नेमका पखवाजाचा खर्जच गायब!

"अरे, वायर बदलावी लागणार. परदेशी," नाना म्हणाले. किंमत ऐकून नानींनी देवाकडे पाहिले. किंमत मात्र त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू गेली.

आता वायरीचा हा थाट तसा अलीकडचा. तार लांब तितका विरोध जास्त, जाड तितका कमी, एवढे जर्मनीच्या ओहमसाहेबांनी 1827 सालीच सांगून ठेवले होते. पुढे लोक दिव्याची साधी वायर स्पीकरला जोडून सुखाने गाणी ऐकत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नोएल ली नावाच्या गृहस्थांनी जाडजूड वायर खास स्पीकरसाठी म्हणून विकायला काढली, आणि वायरीला प्रतिष्ठा आली.

जाडीचे म्हणणे खोटे नाही. दहा मीटर अंतरावर अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर जाऊन-येऊन सुमारे 0.7 ओहम विरोध होतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे जरा जास्तच. पण अडीचची वायर घेतली की तो 0.14 वर येतो, आणि ती वायर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

नानांची वायर अडीचचीच निघाली. मग मी स्पीकरच्या मागे डोके घातले. एकाची लाल तार काळ्या जागी! म्हणजे एक पडदा पुढे येणार, तेव्हा दुसरा मागे जाणार. दोघांच्या भांडणात खर्ज विरून जातो. शिवाय टोके काळी पडलेली. ती चाकूने खरवडली, तारा सरळ जोडल्या, स्क्रू आवळले. पखवाज घुमला, आणि नानींची मान डोलू लागली. खर्च शून्य, त्यामुळे नानांचा थोडा हिरमोड झाला.

जोड साफ करण्याची ही विद्याही आमच्या भागातली जुनीच. नकला होता होता ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, तेव्हा पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पोथी शुद्ध केली आणि यात कुणी आपली ओवी घालू नये अशी तंबीही दिली.

नवी, महागातली पोथी आणा, असे काही ते म्हणाले नाहीत.