‘सामुराई कॉप’ (१९९१): एका फसलेल्या पोलिसपटाचे ऐतिहासिक वाचन

प्रस्तावना :
चित्रपटाच्या इतिहासलेखनात गाजलेल्या कलाकृतींना मानाचे स्थान मिळते. फसलेल्या चित्रपटांची नोंद मात्र बहुधा थट्टेपुरती होते. वास्तविक इतिहासाच्या अभ्यासकाने साधनाची निवड त्याच्या सौंदर्यावरून करावयाची नसते. शिलालेखाची भाषा अशुद्ध आहे म्हणून आपण तो शिलालेख टाकून देत नाही. उलट त्या अशुद्धतेवरूनच कोरणाऱ्याचा प्रदेश आणि काळ ओळखतो. हाच न्याय अमीर शेरवान दिग्दर्शित ‘सामुराई कॉप’ या अल्पखर्ची अमेरिकी पोलिसपटाला लावून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :
१) चित्रपटाच्या निर्मितीमागील ऐतिहासिक परिस्थिती समजून घेणे.
२) नायकाच्या विसंगत निवडीचा अर्थ शोधणे.
३) ‘वाईट चित्रपट’ या कोटीची ऐतिहासिक साधन म्हणून उपयुक्तता तपासणे.

दिग्दर्शकाची पार्श्वभूमी :
अमीर शेरवान हे मूळचे इराणी दिग्दर्शक होत. १९७९ च्या क्रांतीपूर्वी इराणमध्ये गाणी, मारामारी व भावनाट्य यांनी भरलेल्या लोकप्रिय चित्रपटांचा मोठा व्यवसाय होता. समीक्षकांनी त्याला ‘फिल्मफारसी’ असे हेटाळणीचे नाव दिले. शेरवान याच व्यवसायात वाढले. या परंपरेच्या आरंभी मुंबईचाही वाटा आहे. १९३३ साली प्रदर्शित झालेला ‘दुख्तर-ए-लोर’ हा पहिला फारसी बोलपट मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीत, पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणी यांनी निर्माण केला होता.

क्रांतीच्या काळात अनेक चित्रपटगृहे जाळण्यात आली. ऑगस्ट १९७८ मध्ये आबादानच्या रेक्स चित्रपटगृहातील आगीत शेकडो प्रेक्षक मृत्युमुखी पडले. नव्या राजवटीत जुन्या लोकप्रिय नटांना कामाची बंदी झाली. फर्दीन यांच्यासारखा लाडका नायक मायदेशी राहूनही पडद्यापासून तुटला, तर बेहरूझ वोसूगी अमेरिकेत गेले. शेरवान यांनीही लॉस एंजेलिस गाठले आणि तेथे ‘हॉलिवूड कॉप’ (१९८७) आदी अल्पखर्ची चित्रपट केले. एका दिग्दर्शकाचा देश, प्रेक्षक आणि भाषा ही तिन्ही एकाच वेळी हरपली होती. पुढील विवेचनात हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

चित्रपट आणि त्याचा काळ :
‘कटाना’ नावाच्या जपानी गुन्हेगारी टोळीचा बीमोड करण्यासाठी जो मार्शल हा साध्या वेशातील पोलिस अधिकारी सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसला आणला जातो, एवढेच याचे कथानक. त्याच्या जोडीला फ्रँक वॉशिंग्टन हा कृष्णवर्णीय सहकारी आहे. ही जोडी ‘लीथल वेपन’ (१९८७) च्या यशाची आठवण करून देते. जपानी टोळीची भीतीही त्या काळाचीच होय. १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया पिक्चर्स विकत घेतली. त्याच वर्षी मित्सुबिशी समूहातील कंपनीने रॉकफेलर सेंटरमध्ये बहुसंख्य हिस्सा मिळविला आणि ‘ब्लॅक रेन’ हा पोलिसपटही त्याच वर्षीचा. अमेरिकेच्या या चिंतेचे भांडवल एका इराणी निर्वासिताने करावे, ही घटना लक्षणीय आहे.

नायकाची निवड :
जो हा सामुराई विद्येत पारंगत असून जपानी भाषा जाणतो, असे प्रेक्षकाला संवादांतून सांगितले जाते. ही भूमिका मॅट हॅनन या धिप्पाड, लांब केसांच्या गोऱ्या तरुणाला मिळाली. त्याने पूर्वी सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा अंगरक्षक म्हणून काम केले होते. देह नायकाचा, परंतु सामुराईचा भास कोठेच नाही. खलनायकाच्या गोटातील यामाशिता हे पात्रही रॉबर्ट झेडार या अमेरिकी नटाने केले आहे. यावरून निवडीची कसोटी व्यक्तिरेखा ही नसून व्हिडिओ कॅसेटच्या वेष्टनावर शोभेल असे शरीर ही असावी, असे अनुमान करता येते.

निर्मितीची साधने :
प्रकाशयोजनेला पैसा नसल्याने चित्रीकरण मुख्यतः दिवसाउजेडी झाले. काम संपले असे समजून हॅनन याने केस कापले; काही महिन्यांनी त्याला पुन्हा बोलावण्यात आले, तेव्हा उरलेली दृश्ये बायकी टोप घालून पार पाडावी लागली. त्यामुळे एकाच प्रसंगात नायकाचे केस बदलताना दिसतात. संवाद मागाहून भरले गेले आणि अनेक पात्रांना स्वतः शेरवान यांनी आवाज दिला.

यांतील शेवटची बाब विशेष विचारार्ह आहे. क्रांतीपूर्व इराणी चित्रपटांत संवाद मागाहून भरण्याचीच रीत होती. आपल्या हिंदी चित्रपटांतही ‘लगान’ (२००१) पर्यंत बव्हंशी हीच पद्धत रूढ होती आणि प्रेक्षकांना ती खटकत नसे. अमेरिकी प्रेक्षकाला जो दोष वाटतो तो तेहरानच्या किंवा मुंबईच्या प्रेक्षकाला सवयीचा संकेत वाटला असता. पैशाचा अभाव हे कारण खरेच. परंतु एका मोडून पडलेल्या उद्योगाची कार्यपद्धतीही येथे टिकून राहिलेली दिसते.

पुनर्शोध :
प्रथम दुर्लक्षित राहिलेला हा चित्रपट डीव्हीडीच्या काळात हास्याचा विषय म्हणून लोकप्रिय झाला. शेरवान २००६ मध्ये निवर्तले. हॅनन मरण पावल्याची वदंता होती; २०१४ मध्ये तो स्वतःच प्रकट झाला आणि २०१५ च्या उत्तरभागात त्याने पुन्हा काम केले. दिग्दर्शकाला मात्र मोठी कीर्ती मिळाली ती मृत्यूनंतर, आणि तीही उपहासाच्या रूपाने.

निष्कर्ष :
१) नायकाची विसंगत निवड ही केवळ अभिरुचीची चूक नसून व्हिडिओ बाजारपेठेच्या गरजेचे फलित होते.
२) चित्रपटातील काही तथाकथित दोष हे दुसऱ्या देशातील चित्रपरंपरेचे अवशेष आहेत.
३) चित्रपट चांगला ठरविणे हा या अभ्यासाचा हेतू नाही, तो फसलेलाच आहे. तथापि ज्याला पाहून आपण हसतो, त्यात एका विस्थापित कारागिराचे, हाती उरलेल्या हत्यारांनी काम चालू ठेवण्याचे प्रयत्न नोंदलेले आहेत. हसून झाल्यावर ती नोंद वाचणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.